बरोबरची खूण

माझ्या हातून आजवर जे काही लेखन झाले आहे ते जवळजवळ सगळे प्रश्नार्थक आहे. ‘मोजमापाच्या साधनांवर पुढील तपासणीची तारीख लिहिली आहे का?’ ‘नाकारलेले नग लाल डब्यात वेगळे ठेवले आहेत का?’ ‘पहिला नग तपासल्याशिवाय यंत्र पुढे चालवत नाहीत ना?’ अशी काही हजार वाक्ये मी लिहिली असतील. प्रत्येकापुढे दोन चौकोन, एक ‘हो’चा नि एक ‘नाही’चा. दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणून यंदा पूर्णविरामाने संपणारी वाक्ये जुळवायला बसलो, तर हात सारखा प्रश्नचिन्हाकडे वळतो आहे.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यात मी टूलरूममध्ये काम करतो. दर्जाविषयी १९८७ साली जी आंतरराष्ट्रीय मानके निघाली, त्यांचे प्रमाणपत्र कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावायचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. त्यांतले एक असे की बाहेरचा परीक्षक येण्याआधी घरच्यांनीच आपले घर तपासायचे. यालाच अंतर्गत ऑडिट म्हणतात. त्याचा एक संकेत मला फार आवडतो: आपले काम आपण तपासायचे नाही. त्यामुळे टूलरूमचा माणूस भट्टीवर जातो, भट्टीचा गोदामात, आणि गोदामाचा आमच्या टूलरूममध्ये येऊन नाक खुपसतो. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहण्याचा हा वर्षातून दोनदा मिळणारा अधिकृत परवानाच म्हणा ना! दोन दिवसांचा एक वर्ग करून या परवान्याचे प्रशस्तिपत्र मी मिळवले, त्याला आता वीसएक वर्षे झाली.

ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात प्रश्नांची यादी करायची असते. तिला आम्ही चेकलिस्ट म्हणतो. ती कशी करावी याचे शास्त्र आहे. त्या विभागात काम कसे चालायला हवे याचे कागद वाचावेत, मागच्या वेळचे दोष पाहावेत, गिऱ्हाइकांच्या तक्रारी चाळाव्यात, आणि मग प्रश्न काढावेत. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. मागच्या वर्षीची यादी उघडायची, तारीख बदलायची नि छापायची. हे मी अनेक वर्षे केले आहे. शाळामास्तर जुनीच प्रश्नपत्रिका पुन्हा देतात म्हणून हसणारा मी, माझे प्रश्न कारखान्यात सगळ्यांना पाठ झाले होते हे मला उशिरा कळले.

यादी ही वस्तू मुळात वाईट नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचे एक नवे चार इंजिनांचे विमान उडाले आणि काही क्षणांत कोसळले. चालवणारा नवशिका नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या झडपा हलू नयेत म्हणून लावलेली अडसर काढायची राहून गेली होती, एवढेच झाले. दोन माणसे दगावली. त्यानंतर त्या विमानाच्या वैमानिकांसाठी, उडण्यापूर्वी काय काय पाहायचे, याची एक यादी तयार झाली. माणसाचे कौशल्य कितीही असो, त्याची आठवण केव्हा दगा देईल सांगता येत नाही, असे कबूल करणारा तो कागद होता. त्या कागदात मला मोठी नम्रता दिसते.

पण ती यादी वैमानिक स्वतःसाठी वाचतो. ती त्याला आठवण करून देते. माझी यादी मी दुसऱ्यासाठी करतो, आणि ती त्याला जाब विचारते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सारखेच दिसतील: प्रश्न, चौकोन, बरोबरची खूण. पण वैमानिकाने खोटी खूण केली तर तो स्वतःलाच फसवील. माझ्या यादीत खोटी खूण झाली तर फसतो मी, आणि फसवणाऱ्याची नोकरी टिकते. हा फरक लक्षात यायला मला भट्टीवरच्या काकांची गाठ पडावी लागली.

आमच्याकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याच्या पिना होतात. अंगठ्याहून जाड, साध्याच. उसाने खच्चून भरलेली ट्रॉली रस्त्यावरून डुलत जाताना आपण पाहतो, तेव्हा तिचा सगळा ओढा अशा एका पिनेवर असतो. ही पिन भट्टीत साडेआठशे अंशांच्या आसपास लालबुंद तापवतात आणि तेलाच्या टाकीत बुडवतात. त्या बुडवण्यात तिचा कठीणपणा ठरतो. तेल फार तापलेले असेल तर पिन हवी तितकी कठीण होत नाही, आणि तेल पेट घेण्याची धास्ती वेगळीच. तेल फार गार असेल तर पिनेला तडा जाण्याची भीती. म्हणून आमच्या कामाला तेल ५० ते ७० अंशांच्या मध्ये ठेवायचे आणि त्याच्या तापमानाची नोंद दर तासाला वहीत करायची, असा नियम.

माझ्या यादीत प्रश्न होता: ‘तेलाच्या तापमानाची नोंद दर तासाला केली आहे का?’ चार वर्षे मी वही उघडली, रकाने भरलेले पाहिले नि ‘हो’वर खूण केली. पाचव्या वर्षी, वही तीच, प्रश्न तोच, मी मात्र नेहमीपेक्षा लवकर गेलो होतो. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वहीत दुपारी चारपर्यंतचे तापमान लिहिलेले होते.

६०, ६१, ६०, ६२, ६०. एकाच शाईने, एकाच बैठकीत, छान गोलाकार अक्षरात.

भट्टीवर जे होते त्यांना सगळा कारखाना काका म्हणे. मीही म्हणत असे. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. मी वही त्यांच्यापुढे धरली. ते ओशाळले नाहीत. कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, “मीटर बंद आहे साहेब. तीन महिने झाले.”

“मग हे आकडे?”

“नोंद मागतात म्हणून नोंद आहे. तुम्ही आजवर वही बघितलीत. टाकी कुठं बघितलीत?”

टाकीवरच्या मीटरचा काटा खरोखरच एका जागी मरून पडला होता. वही मागे चाळली. तीन महिन्यांपूर्वीच्या एका पानावर पाच-सहा रकान्यांत ‘मीटर बंद’ असे लिहून ते खोडले होते आणि वर आकडे घातले होते. देखभाल विभागाकडे दिलेल्या दोन तक्रारचिठ्ठ्यांच्या प्रती काकांनी जेवणाच्या डब्याखालून काढून दाखवल्या. तो सुटा भाग मागवायचा राहिला होता. खोडायला कोणी सांगितले, असे विचारता त्यांनी सुपरवायझरच्या टेबलाकडे नुसते पाहिले. सुपरवायझर तरुण होता, सरळ होता. तो म्हणाला, “सर, तुमच्या चेकलिस्टमध्ये ‘मीटर बंद’ला जागाच कुठे आहे? ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ झालं की आमच्या विभागाच्या नावावर दोष. दोष चढला की मीटिंगमध्ये उभं राहायचं मला.”

काका इतके दिवस तेलाचे तापमान कसे ओळखत होते? पिना बुडताना होणाऱ्या आवाजावरून, आणि धुराच्या वासावरून. तेल चढले की चरचर बदलते, असे ते म्हणाले. मग ते थोडा वेळ काम थांबवत. गंमत पाहा, ऑडिट हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचत नि तपासणारा तो ऐके. तीन महिने भट्टीवर कोणी खरे ऐकले असेल तर ते काकांनी. मी वाचत होतो.

त्या रात्री मला शाळेतला ताळा आठवला. बेरीज, गुणाकार झाला की गुरुजी ताळा करून पाहायला लावत. अंकांची बेरीज करून नवाने काढून टाकायचे, दोन्हीकडे उरलेला अंक जुळला की उत्तर बहुधा बरोबर. मी गणितात कच्चा, पण हुशार. वहीत उदाहरणाखाली ‘ताळा बरोबर’ असे लिहिलेले गुरुजींना दिसले की पुरे, हे मी हेरले होते. मी ताळा न करताच ते दोन शब्द लिहून टाकी. पुढे पुढे तर उदाहरण सोडवायच्या आधीच पानावर पाच ठिकाणी ‘ताळा बरोबर’ लिहून मोकळा होत असे, म्हणजे मागाहून घाई नको. एकदा सापडलो. गुरुजींनी छडी उचलली नाही. ते एवढेच म्हणाले, “चूक माझी. मी ताळा बघत नव्हतो, शब्द बघत होतो.” त्या वेळी वाटले, सुटलो! या वाक्याने पुढे इतकी वर्षे छळावे, हे त्या वयात कसे कळणार?

पण इथे मला स्वतःलाच थोडे अडवले पाहिजे. माझा एक मित्र वकील आहे. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो उखडला. “खोटे लिहिणाऱ्याने खोटे लिहिले,” तो म्हणाला, “तुझ्या चौकोनाने त्याचा हात धरला होता का? ‘नाही’वर खूण होऊ द्यायची होती. तुम्हां लोकांना अपराध वाटून घ्यायची फार हौस.” यात तथ्य आहे. ज्या माणसाला ‘हो’ नि ‘नाही’ एवढीच वाट ठेवली, त्यालाही ‘नाही’ म्हणता येते. ते महाग पडते, एवढेच. आणि महाग पडते म्हणून खरे बोलायचे नाही असे ठरले तर मग खरे बोलण्याची थोरवी ती काय राहिली?

मी गोदामात गेलो. तीन महिन्यांत तयार होऊन शिल्लक राहिलेल्या पिना काढल्या आणि कठीणपणा मोजायच्या यंत्राखाली एकेक तपासायला लावल्या. दोन दिवस ते काम चालले. सगळ्या बरोबर निघाल्या. एकही मऊ नाही, एकीलाही तडा नाही. काकांचा कान मीटरइतकाच चोख होता.

आणि ही बातमी आली तेव्हा मला जे सुटल्यासारखे वाटले, त्याचाच मला आज सगळ्यांत जास्त संशय येतो. समजा, पिना मऊ निघाल्या असत्या. समजा, त्यांतली एखादी आधीच बाहेर गेली असती, आणि एखाद्या चढावर उसाची ट्रॉली सुटून मागे येणाऱ्या सायकलवाल्यावर गेली असती. मग मी काकांचा घाम, त्यांच्या डब्याखालच्या चिठ्ठ्या, त्यांची दोन वर्षे यांविषयी असा कळवळून लिहायला बसलो असतो का? काकांनी केले ते दोन्ही प्रसंगी एकच. तोच हात, तीच शाई, तेच साठ अंश. फरक पडला असता तो तेलात. म्हणजे माझ्या मनातली त्यांची बाजू तेलाने राखली होती. माणसाच्या वागण्याचे मोल त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवर ठरावे हे मला पटत नाही, आणि तरीही निकाल पाहिल्यावाचून मला रागावताही येत नाही नि क्षमाही करता येत नाही. या प्रश्नापुढे मला कोणताच चौकोन भरता आलेला नाही.

मोठ्या घरचेही पोकळ वासे असतात. २०१७ साली जपानात निस्सान या मोटारकंपनीच्या कारखान्यांत उघडकीस आले की मोटारींची अखेरची तपासणी अधिकार नसलेले कामगार करत होते आणि कागदावर अधिकृत तपासनिसांचे शिक्के उमटत होते. आपल्याकडे साखर उसनी देतात तसा तिथे शिक्का उसना चालत होता. जवळजवळ बारा लाख गाड्या पुन्हा तपासायला बोलवाव्या लागल्या. कहर म्हणजे ही गोष्ट जाहीर झाल्यावरही काही दिवस काही ठिकाणी तेच चालू होते. याच कंपनीला १९६० साली दर्जासाठीचे डेमिंग पारितोषिक मिळालेले होते. ज्या डेमिंगच्या नावाचे ते पारितोषिक, त्याने व्यवस्थापनासाठी चौदा तत्त्वे सांगितली आहेत, आणि त्यांत एक असे की कामाच्या जागेतून भीती घालवा. यंत्रे, वह्या, शिक्के यांच्या बरोबरीने त्याने भीतीचा विचार केला याचे मला पूर्वी नवल वाटे. भट्टीपाशी उभे राहिल्यावर वाटेनासे झाले.

अहवाल लिहायची वेळ आली. आमच्या नमुन्यात शेवटचा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’ असा आहे. ऑडिट हे पद्धतीचे असते, माणसाचे नसते, असे आम्हांला त्या दोन दिवसांच्या वर्गात शिकवले होते. पण रकाना छापणाऱ्याने तो वर्ग केला नसावा. मी सारे लिहिले. मीटर बंद असल्याचे, चिठ्ठ्यांच्या तारखा, खोडलेले पान, आणि हो, सव्वाअकराला चारपर्यंतच्या नोंदी असल्याचेही. ते गाळावे असे मनात आले होते. काकांनी तशी गळ घातली नव्हती; ती मीच मला घालत होतो. पण ते गाळले तर त्यांच्या वहीत आणि माझ्या अहवालात फरक काय उरला? शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला. साहेबांनी कागद परत पाठवला. मग मी तिथे ‘देखभाल विभाग’ असे लिहिले. तो भित्रेपणा होता की न्याय, हे मी आजही सांगू शकणार नाही. कारण खरे नाव लिहायचे तर काकांचे, सुपरवायझरचे, सुटा भाग न मागवणाऱ्याचे, आणि चार वर्षे बंद डोळ्यांनी खुणा करणाऱ्या माझे, अशी चार नावे लिहायला हवी होती; आणि रकाना होता बोटभर रुंद.

मीटर दोन दिवसांत आले. त्याच आठवड्यात काकांना ताकीदपत्रही मिळाले. दोन्ही माझ्याच एका कागदाने. सुपरवायझरला कोणी काही बोलले नाही.

काका भेटले तेव्हा मी काय बोलावे ते सुचेना. तेच म्हणाले, “तीन महिने मी मागत होतो साहेब. तुमच्या कागदाला लगेच आलं.” यात टोमणा किती नि समाधान किती, हे मी पुष्कळ वेळा तोलून पाहिले आहे. पुढची दोन वर्षे ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. फक्त पूर्वी मी दिसलो की चहा विचारत, ते बंद झाले.

तेव्हापासून मी यादी नव्याने करू लागलो. इथे मला माझ्या आजीची मदत झाली, आणि तिने तर कारखाना पाहिलाही नव्हता. आम्ही मुले जेवायला धावलो की आई विचारी, “हात धुतलेत का रे?” आम्ही एकमुखाने “हो!” म्हणत असू. आजी कधीच असे विचारत नसे. ती म्हणे, “इकडे ये, हात बघू.” हात हातात घेई, उलटा करी, कोपराजवळचा मातीचा ओघळ पाही, आणि ओढत मोरीवर नेई. लहानपणी मला आजी संशयी वाटे नि आई विश्वासू. आता वाटते, आईने आम्हांला रोज दोनदा खोटे बोलायची संधी दिली आणि आजीने ती कधी येऊच दिली नाही. हात मळलेले असण्यात पाप नव्हते. ते ‘हो’ म्हणण्यात होते.

म्हणून ‘नोंद केली आहे का?’ हा प्रश्न काढला. त्याऐवजी लिहिले, ‘आत्ता तेलाचे तापमान किती आहे? सोबत उभे राहून मोजावे.’ मग दुसरा घातला, ‘मीटर बिघडल्यास तुम्ही काय करता? मागच्या वेळी बिघडले तेव्हा काय झाले?’ त्यापुढे चौकोन काढले नाहीत. चार ओळी मोकळ्या सोडल्या. टूलरूम सोडून सगळ्या विभागांसाठी मी अशाच याद्या केल्या. टूलरूमची गोदामवाल्याने केली, आणि माझ्याच कपाटात मुदत संपलेले दोन गेज त्याला सापडले हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. सापडले त्याच्या आदल्या आठवड्यात कोणी विचारले असते तर मी छातीठोकपणे ‘नाहीत’ म्हणालो असतो, आणि ते खोटे बोलणे नसते.

नव्या याद्यांचा पहिला परिणाम फार वाईट झाला. पूर्वी सगळ्या कारखान्यात मिळून चार दोष निघत. त्या वर्षी एकोणीस निघाले. साहेबांनी बोलावून विचारले, “कारखाना एवढा बिघडला कसा?” मी म्हटले, “होता तसाच आहे.” हे उत्तर त्यांना आवडले नाही. दोन माणसांनी मला कँटीनमध्ये तोंड चुकवले. मोकळ्या सोडलेल्या त्या चार ओळींत बहुतेकांनी काहीच लिहू दिले नव्हते, एकाने मात्र इतके सांगितले की मला कागदाच्या पाठीवर लिहावे लागले, आणि सांगून झाल्यावर तो म्हणाला, “यातलं माझं नाव नका घालू.”

आता दिवाळीनंतर पुन्हा ऑडिट आहे. घरात भाजणीचा वास सुटला आहे, बायको दळण आणायला तिसऱ्यांदा हाक मारून गेली, आणि मी भट्टीची यादी घेऊन बसलो आहे. काका निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तिथे आता एक तरुण मुलगी काम पाहते नि मीटर पडद्यावर आकडे दाखवते. यादीच्या शेवटी एक प्रश्न मी पेन्सिलीने लिहिला आहे: ‘ऑडिटच्या वेळी काय उत्तर द्यायचे ते तुम्हांला कोणी आधी सांगितले आहे का?’ लिहिला, खोडला, परत लिहिला. खरा प्रश्न हाच आहे असे वाटते. पण याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि ज्या पोरीला कोणी खरेच काही सांगितले असेल तिला मी पुन्हा त्या टाकीपाशी नेऊन उभी करणार. यादी पाठवायला सोमवारपर्यंत मुदत आहे. पेन्सिलीच्या त्या ओळीवर अजून शाई फिरवलेली नाही.